प्रत्यारोपणानंतरची जनुकीय कर्करोग-चाचणी : सत्तेचाळीस पानांचा अहवाल आणि त्यातील एक पान

गेल्या वर्षी मी स्वतःसाठी जनुकीय कर्करोग-जोखीम चाचणी करून घेतली. लाळेचा नमुना घरून नेला जातो, साडेचार आठवड्यांनी अहवाल ई-मेलवर येतो आणि त्यानंतर जनुकीय समुपदेशकाशी तासभर बोलता येते, असे या सेवेचे स्वरूप आहे. मी तिच्यासाठी २३,५०० रुपये भरले. अशा चाचण्यांची परीक्षणे मी घेण्यापूर्वी बरीच वाचली होती, परंतु मला सापडलेली सर्व परीक्षणे निरोगी माणसांनी लिहिलेली होती. माझी गोष्ट वेगळी आहे. सहा वर्षांपूर्वी पुण्यात माझे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले, मूत्रपिंड आईने दिले, आणि तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी मला रोगप्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे घ्यावी लागतात. अवयव-प्रत्यारोपण झालेल्या माणसाने ही चाचणी विकत घ्यावी का, तिच्यातील कोणता भाग कामाचा आहे आणि कोणता दिशाभूल करणारा, एवढ्या प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण माझा मुख्य आक्षेप कोणा एका कंपनीच्या वागण्यावर नसून चाचणीच्या घडणीवर आहे.

प्रत्यारोपणानंतर कर्करोगाचा धोका वाढतो, हे मला रुग्णालयातून घरी सोडतानाच सांगितले गेले होते. परंतु त्या दिवशी क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती नीट चालते ते दाखवणारा रक्तातील घटक) १.१ वर आलेले होते आणि घरातले सगळे इतके आनंदात होते की ते वाक्य कोणाच्याच लक्षात राहिले नाही. पुढे वाचन वाढत गेले तसे ते वाक्य परत आले. अमेरिकेतील प्रत्यारोपणांच्या नोंदी आणि कर्करोगाच्या नोंदी एकमेकींशी जुळवून केलेला एक मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात १,७५,७३२ प्रत्यारोपणांचा मागोवा घेतला होता, आणि सर्व कर्करोग मिळून त्यांचे प्रमाण सर्वसामान्य लोकसंख्येच्या सुमारे २.१ पट भरले. त्याचे कारण समजायला कठीण नाही. शरीराने दुसऱ्याचा अवयव नाकारू नये म्हणून ज्या टी-पेशींना (प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना) आपण औषधांनी थोपवून धरतो, त्याच पेशी एरवी बिघडलेल्या पेशी हुडकून नष्ट करण्याचे आणि शरीरात दबा धरून बसलेल्या विषाणूंना आवरण्याचे काम करत असतात. त्यात माझ्या आत्याला ४४व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. औषधांमुळे आलेला धोका आणि घराण्यातून आलेला धोका यांची बेरीज किती होते, हे मला जाणून घ्यायचे होते.

मागणी नोंदवण्यापासून नमुना नेईपर्यंतची व्यवस्था चोख होती. नळी, लाळ गोळा करण्याच्या सूचना, त्याआधी अर्धा तास काहीही न खाण्याची अट, हे सर्व मराठीतही छापलेले होते, आणि साताऱ्यासारख्या ठिकाणीही नमुना नेणारा माणूस सांगितलेल्या वेळी आला. खटकला तो अर्ज. वय, उंची, वजन, तंबाखू, मद्य, पाळी कधी सुरू झाली, घराण्यात कोणाला कोणता कर्करोग झाला, नुकतेच रक्त चढवले आहे का, अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले आहे का, असे सर्व प्रश्न त्यात होते. मूत्रपिंड, यकृत, हृदय अशा अवयवाचे प्रत्यारोपण झाले आहे का, हा प्रश्न मात्र नव्हता, आणि चालू औषधांसाठी रकानाही नव्हता. मदत-क्रमांकावर विचारले तेव्हा 'इतर आजार' या ओळीत लिहा, असे सांगण्यात आले. मी प्रत्यारोपणाचे वर्ष आणि चारही औषधांची नावे त्या ओळीत दाटीवाटीने लिहिली. पुढे आलेल्या अहवालात त्यांपैकी एका अक्षराचाही मागमूस नव्हता.

अस्थिमज्जेचा प्रश्न का विचारतात, हे मला नंतर समुपदेशनात कळले, आणि ते अनेक प्रत्यारोपित रुग्णांच्या मनातील शंकेचे उत्तर आहे, म्हणून येथे सांगते. दात्याची अस्थिमज्जा बसवली की पुढे तयार होणाऱ्या रक्तपेशी दात्याच्या जनुकांच्या असतात आणि लाळेतही त्या पेशी मिसळलेल्या असतात. त्यामुळे अशा रुग्णाची लाळ तपासली तर अहवालात दाता आणि रुग्ण यांची सरमिसळ होते. मूत्रपिंडाच्या बाबतीत तसे घडत नाही. माझी लाळ माझीच आहे. पण याची दुसरी बाजू कोणी सहसा सांगत नाही: माझ्या ओटीपोटात उजव्या बाजूला बसवलेल्या मूत्रपिंडाच्या पेशींत आजही आईचीच जनुके आहेत, आणि माझ्या लाळेवरून लिहिलेला कोणताही अहवाल त्या अवयवाविषयी बोलू शकत नाही. त्याविषयी जे काही पाहायचे ते दान करण्यापूर्वी आईच्या तपासण्यांतच पाहिलेले असते.

अहवाल सत्तेचाळीस पानांचा होता. पहिली दोन पाने सारांशाची, त्यांवर प्रत्येक कर्करोगासमोर हिरवे, पिवळे किंवा लाल वर्तुळ. पुढे तीन भाग: एकेका जनुकातील ठळक, घराण्यात चालत येणाऱ्या दोषांचा शोध, मग शेकडो लहानसहान चिन्हकांची (जनुकसंचातील बारीक फरकांची) बेरीज करून काढलेला बहुजनुकीय जोखीम-गुणांक, आणि शेवटी 'औषध-प्रतिसाद' या मथळ्याखाली काही तक्ते. मधे आहार आणि जीवनशैलीची चार पाने.

पहिला भाग मला चांगला वाटला. ज्यांतील दोषांमुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो ती बीआरसीए१, बीआरसीए२ आणि त्यांच्यासारखी इतर जनुके संपूर्ण वाचलेली होती. काही परदेशी घरगुती चाचण्यांप्रमाणे एखाद्या ठरावीक समाजात आढळणारे दोन-तीन बदल पाहून काम उरकलेले नव्हते. कोणताही निश्चित हानिकारक दोष माझ्यात सापडला नाही. बीआरसीए२ मध्ये एक 'अनिश्चित अर्थाचा बदल' मात्र सापडला, म्हणजे जनुकाच्या मजकुरात एक अक्षर वेगळे आहे, पण त्याने अपाय होतो की नाही हे ठरवण्यापुरता पुरावा जमलेला नाही. असे निकाल भारतीयांच्या वाट्याला अधिक येतात, कारण ज्या संग्रहांशी आपले जनुक ताडून पाहिले जाते ते मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. आपल्याकडे सर्रास आढळणारा एखादा निरुपद्रवी बदल तेथे दुर्मीळ आणि म्हणून संशयास्पद दिसतो. जीनोम-इंडिया प्रकल्पात देशभरातील सुमारे १०,००० लोकांचे संपूर्ण जनुकवाचन झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली करण्यात आली, त्यामुळे यापुढे हे संशयाचे ढग हळूहळू विरळ होतील अशी मला आशा आहे. कंपनीने या बदलावर घाबरवणारी भाषा वापरली नाही, त्यावरून कोणतीही शस्त्रक्रिया किंवा उपचार ठरवू नका असे ठळकपणे छापले, आणि अर्थ लावण्यासाठी जवळच्या नातेवाइकांची त्या एका बदलापुरती तपासणी विनामूल्य देऊ केली. हे सर्व प्रशंसनीय आहे.

दुसऱ्या भागाविषयी मला इतके चांगले बोलता येत नाही. सारांशाच्या पानावर त्वचेच्या कर्करोगासमोर हिरवे वर्तुळ होते, मूत्रपिंडाच्या कर्करोगासमोर हिरवे होते, लिम्फोमासमोर (लसिका-पेशींच्या कर्करोगासमोर) 'सरासरी' असे लिहून तेही हिरवेच होते. स्तनाच्या कर्करोगासमोर पिवळे. माझ्या आईने ती पाने पाहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. काळजी करायची ती एकाच गोष्टीची, असे तिला वाटले. त्या पानावरून कोणालाही तसेच वाटले असते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी अभ्यासात प्रत्यारोपित रुग्णांमध्ये नॉन-हॉजकिन लिम्फोमाचे प्रमाण सर्वसामान्यांच्या साडेसात पट होते आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे साडेचार पटींहून अधिक, तर स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळलेच नाही. म्हणजे प्रत्यारोपणाने जे धोके वाढतात ते या अहवालात हिरवे आहेत, आणि जो वाढत नाही तो पिवळा.

गणित कंपनीने चुकवलेले नाही. तुलना चुकीची आहे. 'सरासरीपेक्षा कमी' म्हणजे कोणाच्या सरासरीपेक्षा, हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर 'ज्यांनी कधीच टॅक्रोलिमस घेतलेले नाही अशा लोकांच्या' असे आहे; टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या माझ्या रोजच्या औषधांपैकी एक. माझ्या मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा गुणांक सरासरीच्या ०.८ पट दाखवला होता. तो बरोबर आहे असे धरले आणि प्रत्यारोपणामुळे आलेल्या साडेचार पटींशी त्याचा साधा गुणाकार केला, तरी उत्तर साडेतीन पटींहून अधिक येते. मी व्यवसायाने लेखापाल आहे. ज्या ताळेबंदात आरंभीची शिल्लकच दुसऱ्याच्या खात्यातून घेतली आहे, त्याच्या पुढच्या सगळ्या बेरजा बिनचूक असल्या तरी तो ताळेबंद सही करण्याजोगा नसतो.

यावर कोणी म्हणेल की प्रत्यारोपित रुग्णांमध्ये असे गुणांक वापरून पाहिलेच गेले नसतील. तसे नाही, आणि म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या ८८९ युरोपीय वंशाच्या रुग्णांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. सर्वसामान्य लोकांच्या अभ्यासांतून घेतलेल्या चिन्हकांवरून काढलेला गुणांक प्रत्यारोपणानंतर त्वचेचा कर्करोग कोणाला होईल आणि किती लवकर होईल याचा अंदाज देण्यास मदत करतो, असे त्यात दिसून आले. गोऱ्या रुग्णांसाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण त्यांच्यात प्रत्यारोपणानंतर स्क्वॅमस सेल प्रकारच्या त्वचा-कर्करोगाचा धोका ६५ ते २५० पटींपर्यंत वाढल्याचे वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेले आहे. परंतु हा लाभ जसाच्या तसा आपल्याकडे आणता येत नाही. जगभरातील अशा संपूर्ण-जनुकसंच अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, असे २०१९ सालच्या एका पाहणीत मोजले गेले, आणि त्यांच्यावरून बांधलेला गुणांक दक्षिण आशियाई लोकांना लावला की त्याची अचूकता घटते. शिवाय आपल्या त्वचेतील रंगद्रव्य हे स्वतःच एक संरक्षण असल्यामुळे भारतीय रुग्णांत त्वचेचा कर्करोग मुळातच बराच कमी आढळतो. लाल केस आणि ठिपक्यांच्या त्वचेशी जोडलेल्या एमसी१आर जनुकाचे माझे तपशील अहवालाने अडीच पाने भरून दिले होते. माझ्या आयुष्यात त्यांचा काही उपयोग आहे असे मला, समुपदेशकांना किंवा माझ्या नेफ्रॉलॉजिस्टना (मूत्रपिंड-तज्ज्ञांना) वाटले नाही.

आणि ज्या गोष्टींवर माझा धोका खरोखर अवलंबून आहे, त्यांपैकी बहुतेक लाळेतील जनुकांत नसतातच. प्रत्यारोपणानंतरच्या लिम्फोमामागे पुष्कळदा एपस्टाइन-बार विषाणू असतो. जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना त्याची लागण आधीच झालेली असते. ज्याला ती झालेली नाही अशा रुग्णाला, विशेषतः लहान मुलाला, लागण झालेल्या दात्याचा अवयव मिळतो तेव्हा धोका सर्वाधिक असतो, आणि हे एका साध्या रक्ततपासणीने प्रत्यारोपणापूर्वीच कळते. गर्भाशयमुखाच्या आणि जननेंद्रियांच्या आसपासच्या कर्करोगामागे एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा विषाणू) असतो. मूत्रपिंडाचा कर्करोग बहुधा शरीरात तशाच राहिलेल्या आपल्या स्वतःच्या, आक्रसून गेलेल्या आणि डायलिसिसच्या काळात गाठी धरलेल्या जुन्या मूत्रपिंडांत होतो, आणि तो सोनोग्राफीत दिसतो. औषधांविषयी तर जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था सायक्लोस्पोरिन आणि अ‍ॅझाथायोप्रिन या दोन्हींना माणसात कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात ठेवते. ती औषधे सोडून द्यावीत असा याचा अर्थ नाही. त्यांच्यामुळेच आमच्यासारखे हजारो लोक जिवंत आहेत. पण 'कर्करोग-जोखीम' असे नाव धारण करणाऱ्या सत्तेचाळीस पानांत त्यांचा उल्लेख नसावा, हे मला स्वीकारता येत नाही.

जीवनशैलीच्या चार पानांविषयी थोडक्यात सांगते, कारण ती केवळ निरुपयोगी नव्हती, तर आमच्यासारख्यांसाठी धोक्याची होती. 'रोगप्रतिकारशक्ती वाढवणारा आहार' असा एक संपूर्ण रकाना होता आणि त्यात गुळवेलीचे नाव होते. ज्याची प्रतिकारशक्ती वैद्यकीय हेतूने दाबलेली आहे त्याने गुळवेल स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये. फळांत ग्रेपफ्रूट सुचवले होते, जे टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढवते आणि जे टाळण्यास प्रत्येक प्रत्यारोपण केंद्र सांगते. त्वचेसाठी निकोटिनामाइडच्या (ब३ जीवनसत्त्वाच्या एका रूपाच्या) गोळ्यांची शिफारस होती. तिचा आधार २०१५ साली प्रसिद्ध झालेली ऑस्ट्रेलियातील ३८६ रुग्णांची चाचणी हा होता, आणि तिच्यात नव्या त्वचा-कर्करोगांचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटले होते हे खरे. परंतु प्रत्यारोपण झालेल्या १५८ रुग्णांवर तसाच प्रयोग करून त्याचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांना काहीही लाभ दिसला नाही. निरोगी माणसाचा सल्ला आम्हाला का चालत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला देता येणार नाही.

आता ज्या एका पानासाठी मी या चाचणीची आजही ऋणी आहे, त्याकडे येते. ते पान एकेचाळिसावे. 'औषध-प्रतिसाद' या भागातील फिकट राखाडी तक्त्यात, बारीक अक्षरांत, दोन ओळी होत्या. पहिली सीवायपी३ए५ या जनुकाविषयी. यकृतात आणि आतड्यात टॅक्रोलिमस मोडणारे एक विकर (एन्झाइम) हे जनुक तयार करते. ज्यांच्यात ते चालू स्थितीत असते त्यांना हे औषध इतरांच्या दीड ते दोन पट लागू शकते. माझ्यात ते चालू आहे, असे त्या ओळीने सांगितले. प्रत्यारोपणाच्या आधी ही माहिती मिळाली असती तर सुरुवातीच्या तीन आठवड्यांत माझी पातळी सारखी कमी का येत होती याचा उलगडा झाला असता. सहा वर्षांनंतर, रक्तातील पातळी पाहून डोस केव्हाच ठरलेला असताना, तिचा उपयोग केवळ समाधानापुरता होता. ज्यांचे प्रत्यारोपण अजून व्हायचे आहे, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना या तपासणीविषयी अवश्य विचारावे.

दुसरी ओळ एनयूडीटी१५ या जनुकाची होती: 'मध्यम कार्यक्षम'. तिचे महत्त्व मला तेव्हा कळले नाही. दोन महिन्यांनी आम्ही मूल होऊ देण्याचा निर्णय घेऊन डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते कळले. मी घेत असलेले मायकोफेनोलेट हे औषध गर्भाला अपायकारक असल्यामुळे गर्भधारणेच्या आधी किमान सहा आठवडे थांबवावे लागते, आणि त्याच्या जागी सहसा अ‍ॅझाथायोप्रिन दिले जाते. अ‍ॅझाथायोप्रिन शरीरात गेल्यावर त्यापासून थायोग्वानिन तयार होते आणि ते पेशींच्या डीएनएमध्ये शिरते. औषधाचा परिणाम त्यामुळेच होतो. एनयूडीटी१५ जनुकाचे विकर या थायोग्वानिनचे सक्रिय रूप निष्प्रभ करून त्याला आवर घालते. विकर दुबळे असेल तर नेहमीच्या डोसनेही अस्थिमज्जा दबते, पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात आणि जंतुसंसर्ग जिवावर बेततो. अनेक वर्षे या औषधापूर्वी टीपीएमटी नावाचे दुसरे जनुक तपासण्याची पद्धत होती, कारण युरोपीय लोकांत दोष तेथे आढळतो. आशियाई लोकांत तो अधिक करून एनयूडीटी१५ मध्ये असतो, हे २०१४ साली कोरियातील रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आले, आणि औषध-जनुक मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१८च्या सुधारित आवृत्तीत दोन्ही जनुकांचा विचार करण्यास सांगितले. भारतीयांसाठी ही दुर्मीळ बाब नाही. आपल्याकडे हा बदल एका प्रतीत बाळगणारे लोक पुष्कळ आहेत आणि मी त्यांपैकी एक आहे.

एकेचाळिसाव्या पानाची छायाप्रत मी नेफ्रॉलॉजिस्टसमोर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली, ठरवलेला डोस खोडून त्याच्या निम्म्याने सुरुवात केली, आणि पहिले दोन महिने दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायला सांगितले. पांढऱ्या पेशी थोड्या खाली आल्या आणि स्थिरावल्या. नेहमीचा डोस दिला असता तर काय झाले असते हे सांगता येत नाही, पण ते पाहण्याची वेळ आली नाही. त्याच भेटीत त्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट येथे नोंदवते: त्वचेच्या पेशींच्या डीएनएमध्ये शिरलेले थायोग्वानिन सूर्यप्रकाशातील यूव्हीए किरण शोषून घेते आणि त्यातून डीएनएला इजा होते, हे २००५ साली ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून गव्हाळ रंगाच्या माणसानेही हे औषध चालू असताना उन्हात छत्री, पूर्ण बाह्या आणि ओठांना सनस्क्रीन यांत हयगय करू नये. ओठांचा उल्लेख त्यांनी मुद्दाम केला, कारण प्रत्यारोपित रुग्णांत ओठांचा कर्करोगही बराच वाढतो. आयुष्यभर तंबाखू किंवा मिश्री लावलेल्या माणसांना ते तोंड उघडायला लावून आतून पाहतात, हे मी त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात बसल्या बसल्या अनेकदा पाहिले आहे.

इतकी महत्त्वाची ओळ सारांशाच्या पानावर का नव्हती? समुपदेशकांना मी हे विचारले. सारांशात फक्त कर्करोगाची जोखीम यावी असे ठरलेले आहे, असे उत्तर मिळाले. ते प्रामाणिक उत्तर होते, आणि एकूणच त्या बाईंशी झालेला तास हा या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग ठरला. माझे प्रत्यारोपण झाले आहे हे त्यांना बोलताना प्रथमच कळले. कळताच त्यांनी हिरव्या वर्तुळांचे पान बाजूला ठेवायला सांगितले आणि त्याचे कारण समजावले, आत्याच्या आजाराचे तपशील विचारून तीन पिढ्यांची वंशावळ काढली, आणि खरे तर पहिली तपासणी माझी नव्हे, आत्याची व्हायला हवी होती, हे सांगितले. ज्याला आजार झाला त्याच्यात दोष सापडला की मग नातेवाइकांत तोच शोधायचा. तसे न करता नातेवाइकाचा निकाल 'काही नाही' असा आला, तर दोष घराण्यात नाही की केवळ या व्यक्तीत उतरलेला नाही, हे उमगत नाही. हे संभाषण पैसे भरण्याआधी झाले असते तर मी वेगळी मागणी नोंदवली असती. समुपदेशन अहवालानंतर ठेवण्याची ही पद्धत कंपनीने उलटी करावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

माहितीच्या गोपनीयतेबाबत संमतीपत्र स्पष्ट होते, आणि संशोधनासाठी नमुना वापरू न देण्याचा पर्याय वेगळ्या रकान्यात होता. मी तो निवडला. अमेरिकेतील ट्वेंटी-थ्री-अँड-मी ही मोठी कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा तिच्या लाखो ग्राहकांची जनुकीय माहिती कोणाच्या हाती जाणार हा प्रश्न उभा राहिला होता, त्यामुळे अहवाल उतरवून घेतल्यावर मूळ नमुना नष्ट करण्याची लेखी विनंती करावी, असे मी सुचवीन. माझी विनंती बारा दिवसांत मान्य झाल्याचे पत्र आले.

पैशांचा विचार करता, ज्या प्रत्यारोपित रुग्णाच्या घराण्यात कमी वयात झालेला किंवा अनेकांना झालेला कर्करोग नाही, त्याने ही संपूर्ण चाचणी घेऊ नये असे माझे मत आहे. अ‍ॅझाथायोप्रिन सुरू होणार असेल तर एनयूडीटी१५ आणि टीपीएमटी यांची स्वतंत्र तपासणी करून मिळते, आणि तिला या रकमेचा लहानसा हिस्सा लागतो. घराण्यात इतिहास असेल तर पहिला भाग जरूर घ्यावा, पण आधी आजारी नातेवाइकासाठी. बहुजनुकीय गुणांकाच्या पानांसाठी मात्र एक रुपयाही देऊ नये. त्वचेच्या कर्करोगाचा अंदाज घेण्यासाठी अमेरिकी तज्ज्ञांनी २०१९ साली २६ केंद्रांतील रुग्णांच्या नोंदींवरून सनट्रॅक नावाचा एक मोफत गणक तयार केला. त्यात वर्ण, वय, लिंग, पूर्वी झालेला त्वचेचा कर्करोग आणि बसवलेला अवयव छातीतील आहे का, असे पाचच प्रश्न आहेत. जनुकांविषयी एकही प्रश्न नाही आणि तरी तो रुग्णांची वर्गवारी नीट करतो. वाचलेल्या पैशांत मी काय केले असते तेही सांगते: एचपीव्हीची लस. ती जिवंत विषाणूंची नसल्यामुळे आम्हाला घेता येते, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३ पासून उपलब्ध आहे. प्रत्यारोपणाच्या आधी घेतली तर ती अधिक चांगली लागू पडते. मला ती तेव्हा कोणी सुचवली नव्हती. आता तिन्ही मात्रा पूर्ण झाल्या आहेत.

कंपनीला मी दोन पानी पत्र लिहून अर्जात अवयव-प्रत्यारोपणाचा रकाना घालावा, होकार आल्यास सारांशातील रंगीत वर्तुळे छापू नयेत, ग्रेपफ्रूट व गुळवेल काढावी आणि औषध-प्रतिसादाची पाने पुढे आणावीत, असे सुचवले. रकाना घातला गेला आहे. मी परवाच नवा अर्ज उघडून पाहिला. वर्तुळे अजून आहेत.

नातेवाइकांच्या विनामूल्य तपासणीसाठी आईने लाळ दिली, आणि आत्याने तिच्या कर्करोग-तज्ज्ञांच्या सल्ल्याने स्वतंत्रपणे संपूर्ण तपासणी करून घेतली. आत्यामध्ये घराण्यात चालणारा कोणताही दोष सापडला नाही, आणि माझ्यातील तो अनिश्चित बदलही तिच्यात नाही. तो आईमध्ये आहे. म्हणजे तो माझ्या पेशींत आईकडून जन्माने आला, आणि सहा वर्षांपूर्वी मूत्रपिंडाबरोबर दुसऱ्यांदा आला. आई ६३ वर्षांची आहे आणि तिची मॅमोग्राफी मागच्याच महिन्यात झाली. ती स्वच्छ आहे.